मास्तरीण पडली तो तास

आमच्या शाळेत आरोग्याचा तास मोठी माणसं घेत नाहीत. अकरावीची मुलं आठवीच्या मुलांना शिकवतात, आणि मी, शाळेची नर्स, मागच्या बाकावर तोंड शिवून बसते. मोठं माणूस मध्ये बोललं की पोरं गप्प होतात म्हणे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड जातं, ते माझं मलाच माहीत.

शिकवणाऱ्यांत एका मुलीला सगळे मास्तरीण म्हणायचे. फटकळ पोर, चूक दिसली की हात धुऊन मागे लागणार. फिटवरचा तिचा तास गाजलेला होता. ती चटईवर पडून फिट आल्याचं नाटक करायची आणि वर्गाने तिला सांभाळायचं. मी टाळ्या वाजवल्या की उठून एकेकाला फैलावर घ्यायची.

तिला खरोखरच फिट येतात, हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते. माझा हात धरून म्हणाली होती, "सिस्टर, कुणाला कळू देऊ नका. माझ्या भावाची शाळा याच पायी सुटली. पोरं त्याला बघून पळायची." मी शब्द दिला. मास्तरीण मधल्या सुट्टीत डोकेदुखीचं निमित्त काढून यायची आणि माझ्या कपाटातली गोळी चोरासारखी गिळायची. मला संताप यायचा. पण शब्द दिलेला.

त्या दिवशी ती फळ्यापाशी उभी होती. "तोंडात चमचा घालायचा नाही, कारण..." म्हणाली आणि थांबली. नजर खिडकीवर खिळली, आणि होती तिथेच कोसळली. चटई अजून कोपऱ्यात गुंडाळलेलीच होती.

मी ताडकन बाकावरून उठले. धावले, तर वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा आडवा आला.

"सिस्टर, तुम्ही बसा. मोठ्यांनी मध्ये यायचं नाही."

पोरांना वाटलं, नाटक सुरू झालं.

मी त्याला बाजूला सारून तिच्याजवळ बसले. पण करायला काही शिल्लकच नव्हतं. दोघांनी बाक मागे ओढले होते. एकीने स्वेटरची घडी डोक्याखाली सरकवली. वात्रट घड्याळाकडे बघत ओरडला, "धरू नका रे तिला." तिचे हातपाय झटके देत होते, ओठ निळे पडत होते. "काय भारी करते," मागून कोणीतरी हसलं. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

खरं सांगितलं तर पोरं भेदरणार आणि तिचं गुपित चव्हाट्यावर येणार. झटके पाच मिनिटांपुढे गेले तर ॲम्ब्युलन्स बोलवावीच लागणार. मी फोन मुठीत आवळून बसले.

"तीन झाली," वात्रट म्हणाला. "सिस्टर, टाळ्या वाजवा ना आता."

माझे हात उठेनात.

मग झटके मंदावले. पोरांनी तिला कुशीवर वळवलं. स्वेटरवालीने तिच्या तोंडाची लाळ रुमालाने पुसली. रुमालावर रक्त होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. तिने मास्तरणीचा हात तेवढा हातात घेतला.

बऱ्याच वेळाने मास्तरणीने डोळे नीट उघडले. वर्गाने टाळ्या पिटल्या.

"झालं, छान झालं नाटक," मी घाईघाईने म्हणाले. "चला, सुट्टी."

तिने फक्त गप्प बसायचं होतं. ती भिंतीला टेकून हळूहळू उठून बसली.

"नाटक नव्हतं ते," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "मला फिट येतात. लहानपणापासून."

मागे एक बाक करकरला. आता पोरं उठून पळणार, तिच्या मामाला बघून पळायची तशी, असं वाटून माझा जीव टांगणीला लागला. उठला होता तो वात्रट. तो पुढे आला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"ताई, मग आमच्या चुका सांग ना."

तिने ओठ पुसला. "सगळं बरोबर केलंत. पण मला कुठे लागलंय का, ते कोणीच विचारलं नाही."

"कुठे लागलंय का गं, ताई?" स्वेटरवालीने विचारलं.

तेव्हा कुठे मास्तरीण रडली, आख्ख्या वर्गासमोर. तास संपल्याची घंटा झाली, तरी एकही पोर जागचं हललं नाही.