मढच्या भरावावर आलेले फोटोवाले

हे बाहेर सांगायचं नाही, असं आत्याने मला बजावलंय. “फोटो पेपरात आले तर भराव थांबंल. तवर फोटोवाल्यांना हसायचं नाय!”

आमच्या मढच्या खाडीत एक बिल्डर ट्रकने माती टाकतोय. होड्या लावायला जागा उरत नाही, म्हणून आत्या आणि गावातल्या कोळणी रस्त्यात बसून ट्रक अडवतात. दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून कोणीतरी शहाणा येतोच. मी पाणी देते आणि गप्प बघते. पण किती पोटात ठेवणार?

*

पहिले आले ते दाढीवाले. आत्याला म्हणाले, “घड्याळ काढा. मूळची कोळीण वाटायला हवी.”

“काढते. आधी तू पँट काढ! तुजा पणजा काय पँट घालत होता?”

फोटो घड्याळासकट निघाले.

*

दुसऱ्याने वहिनीला अगदी हळुवार विचारलं, “तुमची जमात संपत चाललीय. कसं वाटतं?”

वहिनीच्या मांडीवर जुळी किंचाळत होती. ती म्हणाली, “एक नेता का?”

*

तिसऱ्याची तर कमालच! रस्त्यात बसलेल्या बायका सोडून तो पुढच्या बंगल्याकडे वळला. तिथे सिनेमाचं शूटिंग चालू होतं. दागिने घातलेल्या कोळणी दिसल्या आणि त्याने अख्खा रोल तिथेच संपवला.

माझा भाऊ म्हणाला, “साहेब, त्या नाचणाऱ्या. अंधेरीहून आल्यात.”

“असू दे रे. त्या जास्त ओरिजिनल दिसतात!”

*

शेवटी एक फोटो छापून आला. अख्खी आळी अंगणात जमली. आत्याने मला मोठ्याने वाचायला लावलं. खाली लिहिलं होतं, “मढची शांत खाडी आणि मागे छोटीशी टेकडी.”

आमच्या खाडीत टेकडी कुठली? तो भराव होता!

कोणी हसलं नाही.

*

आणि हे परवाचं. ट्रक अडला होता. ड्रायव्हर इंजिन बंद करून विडी ओढत होता. तेवढ्यात दाढीवाले पुन्हा हजर. “ताई, ऊन मागून येतंय, चेहरे काळे येतील. सगळ्या जरा या बाजूला उभ्या राहा ना!”

पेपरात येईल या आशेने बायका उठल्या, पदर नीट केले, कडेला लाइनीत उभ्या राहिल्या. रस्ता मोकळा झाला. ट्रक सुटला आणि थेट खाडीत माती ओतून आला.

“झकास!” दाढीवाले ओरडले. “ॲक्शन मिळाली!”

मागून दुसरा ट्रक येत होता. आत्याने दाढीवाल्यांचं मनगट धरलं, त्यांना रस्त्याच्या मधोमध नेऊन बसवलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. “हलू नको. आता लाइट बरोबर हाय.”

ट्रकने करकचून ब्रेक मारला, मी बटण दाबलं. ड्रायव्हर खाली उतरला. शर्ट-पँटमधला साहेब बसलेला बघून त्याने हात जोडले, “सॉरी, साहेब,” आणि भरलेला ट्रक मागे वळवून चालता झाला. आमच्या बायका इतके दिवस बसतायत, त्यांना कधी कोणी सॉरी म्हटलं नव्हतं!

आत्या दाढीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “रोज येत जा हां, बसायला.”

दाढीवाले धूळ झटकत उठले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की

“पोरी, चल गं! ट्रक आला!”

आले, आत्ये! तर दाढीवाले म्हणाले की, मी काढलेला तो फोटो पेपरात द्यायचा नाही!