बरणीतली संत्र्याची साल

वरच्या मजल्यावरच्या फुलवाल्याचा राग यावा असं मास्तरांकडे काही कारण नव्हतं. निदान चारचौघांत सांगता येईल असं तर नव्हतंच. माणूस सालस, विधुर, जन्मभर फुलांचं दुकान चालवून आता ते मुलाच्या हाती सोपवून मोकळा झालेला. जिन्यात भेटला की हातातली पिशवी खाली ठेवून बोलायचा. पण एका संध्याकाळी त्याने मास्तरांच्या बायकोला हसवलं, आणि तिथून तो मास्तरांच्या डोळ्यांत खुपायला लागला.

बायकोचं हसणं त्या घरात दुर्मीळ झालं होतं. तिच्या पायांतल्या नसा अशा काही पेटायच्या की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसे. सगळी औषधं करून झाली, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधी गांजा लिहून दिला. रीतसर चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातून मिळणारा. फुलांचा चुरा एका छोट्या यंत्रात घालायचा आणि निघेल ती वाफ ओढायची.

"अहो, या वयात मला गंजेटी करताय होय?" असं म्हणत तिने पहिली वाफ घेतली आणि त्या रात्री ती सकाळपर्यंत झोपली.

मास्तर शिंपी. दुकान बंद केल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं. आता हे मिळालं. औषध आणणं, चुरा करणं, यंत्र पुसणं, सगळं तेच करायचे. शिलाईच्या मशीनला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, तशी आता त्या औषधाला कुणाची सावली पडू देत नसत. दुकानातून आलेला डबा उघडून फुलं एका काचेच्या बरणीत ओतायची आणि बरणी स्वयंपाकघरात, मोरीवरच्या खिडकीत ठेवायची, हाताशी असावी म्हणून. पुढे फुलं वाळून कोरडी ठाक झाली, वाफ बायकोच्या घशाला लागू लागली. तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाने उपाय सांगितला, की आत संत्र्याची साल टाका. मास्तरांनी टाकली. फुलं मऊ झाली, वर वासही छान येऊ लागला.

"तुमच्या डोक्यातून बरं सुचतं एकेक," बायको म्हणाली. मास्तरांची छाती इंचभर फुगली.

अशात फुलवाला आजारी माणसाला भेटायला म्हणून आला. हातात पांढऱ्या शेवंतीचा जुडगा. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून त्याने दुकानातला किस्सा सांगितला. एक गृहस्थ दर आठवड्याला गुलाब न्यायचे, बायकोसाठी म्हणून. एकदा त्यांची बायकोच दुकानात आली आणि म्हणाली, ही फुलं जातात तरी कुठे तेवढं सांगा, मला तर अजून एकही पाकळी दिसली नाही. मास्तरांच्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू आलं. मास्तर ओट्याशी चहा गाळत होते. आपण हिला असं शेवटचं कधी हसवलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. चहा कपाबाहेर गेला.

जाता जाता फुलवाल्याची नजर खिडकीतल्या बरणीकडे गेली. "मास्तर, ती साल काढून टाका हो. औषध असलं तरी शेवटी फूलच ते. ओल लागली की बुरशी धरणारच." आणि दुसऱ्या दिवशी तो एक चपटी पुडी घेऊन आला. बरणीत ठेवली की आतला ओलावा बेताचा राहतो, म्हणाला.

"बघा, यांना किती बारीकसारीक माहिती असते," बायको म्हणाली.

झालं. या एका वाक्याने मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने त्यांनी आभार मानले. फुलवाल्याची पाठ वळताच पुडी कचऱ्याच्या डब्यात गेली आणि बरणीत नवी, ताजी साल पडली.

पुढच्या आठवड्यात बायकोला खोकला सुरू झाला. मास्तरांनी गुन्हेगार ताबडतोब ओळखला: ती शेवंती! त्यांनी फुलदाणी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. फुलवाला पुन्हा आला तेव्हा त्याने आपली फुलं हद्दपार झालेली पाहिली. पण बोलला भलतंच.

"मास्तर, इथे ओल्या पोत्यासारखा वास येतोय. बरणीतून तर नाही?" त्याने बरणी उजेडात धरली. "हे पांढरं पाहिलंत?"

"पांढरं असतं तेच तर औषध," मास्तर ताडकन म्हणाले. "औषधवाल्याने सांगितलंय मला. तुमच्या दुकानातली शेवंती नाही ती, रोज पाणी मारायला!"

फुलवाल्याने बरणी जपून खाली ठेवली आणि चप्पल घालून तो निघून गेला.

"त्यांना असं का बोललात?" बायकोने विचारलं.

"कसं बोललो?"

तिने कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मास्तरांना वाटलं होतं, तो गेला की गार वाटेल. कसलं गार वाटतंय! तिची पाठ बघवेना.

दुपारी तिचा डोळा लागला, तरी झोपेतही ती खोकत होती. मास्तरांनी रफू करायचं भिंग काढलं आणि बरणी घेऊन ते खिडकीशी बसले. वरच्या फुलांवर बारीक बारीक कण चमकत होते, टाचण्या टोचून ठेवाव्यात तसे सुटे, ताठ, साखरेसारखे. हे औषध. त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी तळातलं, सालीला चिकटलेलं एक फूल काढलं. त्याच्यावर चमक नव्हती. करडी, मेलेली लव होती, कोळ्याचं जाळं पसरावं तशी. फूल मोडलं तर आतला देठ तपकिरी पडलेला, आणि भसकन धुरळा उडाला. ओलीने खाल्लेलं कापड मास्तर गठ्ठ्यातून नुसत्या बोटांनी ओळखत. इथे मात्र डोळ्यांदेखत कुजत असताना त्यांना दिसलं नव्हतं, कारण दाखवणारा माणूस नको होता.

कात्री हातात घेऊन त्यांनी आधी खराब फुलं वेगळी करायला घेतली, मग वरच्या फुलांचाही भरवसा वाटेना. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "वाफ ताबडतोब बंद करा आणि त्यांना घेऊन या," एवढंच त्या म्हणाल्या.

छाती तपासली, फोटो काढला. बुरशी फुप्फुसात उतरली नव्हती. श्वासनळीला सूज होती, ती औषधाने ओसरणार होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण बरणीतलं सगळं फेकायचं होतं, आणि खोकला थांबेपर्यंत नवीन मिळणार नव्हतं. ते दिवस वाईट गेले. बायको ओठ दाबून पडून राही आणि मास्तर तिच्या पायांवर पांघरुणाचा भार पडू नये म्हणून दोन उशांवर ते ताणून धरत. अशाच एका सकाळी त्यांनी पुडीचं आणि नव्या सालीचं सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "कचऱ्याच्या डब्यात वरच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यापायी कुणावर जळतंय. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला." मग तिचा स्वर बदलला. "पण नवी साल टाकलीत हे नव्हतं माहीत. रागवायचं तर त्यांच्यावर रागवायचं होतं. औषध माझं होतं."

मास्तर उठले. चहाही न घेता ते जिना चढून वर गेले.

फुलवाल्याने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि आत या म्हणाला. मास्तरांनी माफी मागायला सुरुवात केली तर तोच घाईघाईने म्हणाला, "वहिनी कशा आहेत ते सांगा आधी." मग त्याने सगळं समजावलं. घट्ट झाकणाची बरणी घ्या, गच्च भरू नका. मोरीवर नको, फ्रीजमध्ये नको. झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवा, गार आणि अंधारं असतं. ओला हात घालू नका. वापरायच्या आधी प्रत्येक फूल उजेडात मोडून बघा, वास घ्या. शंका आली तर औषधाच्या दुकानात परत दाखवा.

"खराब तेवढं कापून टाकलं तर?"

"नाही मास्तर. दिसते ती वरची लव. आत कुठवर पोचली, ते डोळ्यांना कळत नाही."

नवीन औषध आलं तेव्हा मास्तरांनी बरणीला काळ्या जाड कापडाचा अंगरखा शिवला, उजेड लागू नये म्हणून. बायकोला खोकल्याशिवाय झोप लागू लागली. फुलवाल्याला त्यांनी स्वतः बोलावलं. मात्र तो यायच्या आत पलंगाशेजारचं स्टूल दाराजवळ नेऊन ठेवलं आणि स्टुलाच्या जागी आपली खुर्ची ओढून घेतली.

फुलवाल्याने नवा किस्सा सांगितला. बायको हसली. मास्तरही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी घसा खाकरला आणि एका गिऱ्हाइकाच्या उसवलेल्या विजारीची गोष्ट सुरू केली. बायकोने ती शंभरदा ऐकली होती. तरी ती कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मास्तर बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून फुलवाला हसतोय की नाही ते बघत राहिले.