साधी की पोलीस केस?

त्या प्रकरणाची फाइल बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी ती घटना मनातून गेली असे एकही वर्ष झाले नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नाशिकमध्ये गोदावरीपलीकडच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. यात कोणाचेही नाव लिहिणार नाही. गेलेल्या बाईचे नाही, तिच्या नवऱ्याचे नाही, आणि ज्या खासगी रुग्णालयात हे घडले त्याचेही नाही.

बाई तीस-बत्तीस वर्षांची होती. नवरा-बायको मखमलाबादच्या बाजूला दीड एकरात मेथी, शेपू, कोथिंबीर करायचे आणि सकाळी पंचवटीच्या भाजीबाजारात स्वतः बसून विकायचे. त्यांना एकच मुलगी, दुसरीत शिकणारी.

एका दुपारी साडेचारच्या सुमारास रुग्णालयातून ठाण्यात फोन आला, की एका महिलेला मृतावस्थेत आणले आहे. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मी दोन पंच घेऊन गेलो. कपाळावर चार टाके होते, तेही त्याच दिवशीचे. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने सांगितले, "सकाळी घरी पायरीवरून पाय घसरून पडली. हितंच टाके घातले. घरी नेली, तिनं भाकरी केली. मंग जरा पडते म्हणली, ती उठलीच नाय."

रुग्णालयाच्या सकाळच्या केसपेपरवरही तेच होते : घरी पायरीवरून पडून कपाळास जखम. पंचनाम्यात अंगावरच्या वस्तू लिहिल्या. मंगळसूत्र, बांगड्या, कनवटीला लहान कापडी पिशवी, तीत 'एक पावती'. पावतीत काय आहे ते मी लिहिले नाही. स्टेशन डायरीत एक आकडा चुकला तरी हवालदाराला पुन्हा लिहायला लावणारा मी. त्या दिवशी ती पावती न वाचता पाकिटात घातली.

शवविच्छेदनात निघाले की प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव झाला होता. पोटाच्या डाव्या बाजूला आडवा काळानिळा पट्टा होता. कपाळाच्या जखमेने मृत्यू आलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"पायरीवरून पडून कुणाचं पोट फुटतं का हो साहेब? लाथ घातली असंल त्यानं. आधी घर जाऊन बघा. पायरी हाय का तिथं?"

आम्ही घर पाहिले. पायरी नव्हती. शेतातले दोन खोल्यांचे घर, जमिनीलगत फरशी आणि चार बोटांचा उंबरा. माझ्याबरोबरचा हवालदार उंबऱ्यावर बूट टेकवून म्हणाला, "साहेब, ह्याच्यावरून पडायचं तर माणूस रांगता पाहिजे."

तिथेच माझे मत बनले. बायकोला मारून 'पडली' सांगणारे नवरे मी पुष्कळ पाहिले होते. हा त्यातलाच एक असे मी धरून चाललो आणि त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले.

मुलीला तोवर तिच्या मामाने, म्हणजे गेलेल्या बाईच्या थोरल्या भावाने, पिंपळगावला नेले होते. "दाजीच्या सावलीलासुद्धा पोर उभी करणार नाय," असे त्याने भावकीसमोर सांगितले होते. खुनाचा गुन्हा दाखल झाला असता तर हा माणूस आत गेला असता आणि मुलगी त्याला कायमची तुटली असती. हे त्यालाही कळत होते. तरीही तो बोलत नव्हता.

"पायरी कुठाय रे तुझ्या घराला?"

गप्प.

"का मारलंस?"

"नाय मारलं साहेब."

"मग पडली कुठं?"



दुसऱ्या दिवशी मी त्याच्या थोबाडीत दिली. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लपवणार नाही. मार बसला की निरपराध माणूस ओरडतो, सराईत माणूस मोजून-मापून रडतो. याने दोन्ही केले नाही. गालालाही हात लावला नाही. मिळायला हवे होते ते मिळाले, असा त्याचा चेहरा झाला. ते मला खटकले.

मी खोलीत येऊन प्रकरणाचे कागद पहिल्यापासून काढले आणि ते पाकीट उघडले. पावती चार ओळींची होती. केसपेपर चाळीस, टाके एकशे साठ, इंजेक्शन पस्तीस, इमर्जन्सी शंभर. बेरीज तीनशे पस्तीस, बरोबर होती. फक्त 'इमर्जन्सी' या शब्दापुढे कंसात पेनाने लिहिले होते : 'साधी'.

मी हवालदाराला विचारले, "साधी इमर्जन्सी म्हणजे काय हो?"

"साधी असती तर लोक पळत कशाला गेले असते साहेब?" तो हसून म्हणाला.

पण साधी असेल तर दुसरी कुठलीतरी असणार. मी पावती नवऱ्यापुढे ठेवली आणि त्या शब्दावर बोट ठेवले. त्याने ती उचलली नाही. नुसती पाहिली आणि तोंडावर हात घेऊन रडू लागला.  रडे ओसरल्यावर तो बोलला.

"घरी नाय पडली साहेब ती. बाजारात पडली. टेम्पो मागं घेत होता, त्यानं दाबली तिला ओट्याला. कपाळ खांबावर आपटलं. रक्त लय आलं म्हणून रिक्षात घालून नेली. काउंटरवर मी इचारलं, काय भाव? तो म्हणला, पोलीस केस का साधी? मी म्हणलं, दोन्हीचा भाव सांगा. तर साधीला शंभर. पोलीस केसला सहाशे, आन् वर तीन हजार अनामत."

"मग?"

"आमच्यात मेथीची जुडी दोन परकारची असती. एक निवडलेली, एक साधी. भाजी तीच असती. मला वाटलं, ह्यांची तपासणी पन तशीच आसल. म्हणलं, साधी द्या."

"पैसे नव्हते का जवळ?"

"पतपेढीत होते की. पैसे नव्हते असं नाय साहेब. पन साधी मिळत होती ना."

कारकुनाने मग स्वतःच विचारले होते, "घरी पडली लिहू ना? पायरीवरून?" आणि याने मान हलवली होती. बायको बाकावर कपाळाला पदर दाबून बसली होती. तीही म्हणाली होती, "अहो, साधीच घ्या. मला काय झालंय?"

"डॉक्टरीणबाईंनी तिला इचारलं, अजून कुठं दुखतं का? ती नाय म्हणली. रिक्षात मला सांगितलं, पोटात दुखतंय, पन तिथं बोलले आसते तर त्यांनी दुसरीवाली लावली आसती."

मी विचारले, "हे सगळं तू पहिल्या दिवशीच का सांगितलं नाहीस? फासावर जायची तयारी होती का?"

तो म्हणाला, "मी मारलं नाय, असं कुठल्या तोंडानं सांगू साहेब? मीच म्हणलो ना, साधी द्या."

नुसत्या त्याच्या शब्दावर जाणे बरोबर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. त्याच्या जागेशेजारी एक वयस्कर बाई वांगी घेऊन बसली होती. मी विचारायला सुरुवात केली, तर तिने वाक्य पुरे होऊ दिले नाही.

"टेम्पोनं दाबली तीच ना? सगळ्या रांगेनं बघितलं की."

"मग मावशी, इतके दिवस झाले, सांगितलं का नाही कुणी?"

"इचारलं कुणी? तुम्ही लोकं बाजारात येता ते फुकटच्या कोथिंबिरीला."

हवालदार दुसरीकडे बघू लागला. मी घर पाहिले होते, शेजारी विचारले होते, भावकीचे जबाब घेतले होते. ज्या ठिकाणी ती बाई रोज सकाळचे चार तास बसायची, तिथे मी गेलोच नव्हतो. ओट्याची कड मोजली, टेम्पोच्या मागच्या फाळक्याची उंची मोजली. पोटावरच्या पट्ट्याशी दोन्ही जुळले. टेम्पोचा नंबर हमालांना पाठ होता. चालक संध्याकाळपर्यंत सापडला. "बाई उठून चालत रिक्षात बसली साहेब, मला वाटलं कपाळावर निभावलं," एवढेच तो म्हणाला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला.

मग रुग्णालयात गेलो. काउंटरवरचा कारकून आधी म्हणाला, "असं काही नसतं साहेब." पावती दाखवल्यावर त्याने टेबलाच्या काचेखालचा टाइप केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर दोन रकाने होते, साधी आणि पोलीस केस. प्रत्येक कामाचे दोन दर.

"हे जादा पैसे कशाचे?"

"पोलीस केस म्हटलं की तुमची माणसं येतात. डॉक्टरला जबाबासाठी तीन-तीन तास बसवून ठेवता. मग कोर्टाच्या खेपा. तो वेळ कुणाच्या खिशातून जायचा?"

"आणि काय झालं ते विचारायच्या आधी भाव सांगता?"

"लोक आधी भावच विचारतात साहेब."

दोन्ही उत्तरे खरी होती. आदल्याच महिन्यात एका मारामारीच्या प्रकरणात मी याच रुग्णालयाच्या डॉक्टरला ठाण्यात बोलावून, दुसऱ्या कामात अडकलो म्हणून सबंध सकाळ बाकावर बसवले होते.

त्या दिवशी ड्यूटीवर असलेली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने केसपेपर पुन्हा पुन्हा वाचला. "ह्याच्यावर टेम्पो लिहिलं असतं तर मी तिला सोडलीच नसती," ती म्हणाली. "पायरीवरून पडलेल्या बाईचं मी कपाळ पाहिलं." मग तिने तो कागद पालथा करून ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

मी वरिष्ठांना सविस्तर अहवाल दिला. खासगी रुग्णालयाचे दर हा आपल्या अखत्यारीतला विषय नाही, असा शेरा होऊन तो परत आला. रुग्णालयाने लेखी कळवले, की घरी पडल्याच्या माहितीला नातेवाइकानेच होकार दिला होता. कागदावर ते खरेच होते. काचेखालचा कागद मात्र नंतर तिथे दिसला नाही. काही महिन्यांनी तिथलेच एक बिल हातात आले, त्यात 'कागदपत्र खर्च' अशी नवी ओळ होती.

मुलीच्या मामाला ठाण्यात बोलावून घेतले. तो तावातावाने आला. "फोन मीच केला होता, काय करायचं ते करा," असे त्याने दारातूनच सांगितले. मी त्याला बसवले आणि बाजारापासून काउंटरपर्यंत सगळे क्रमाने सांगितले.

"म्हंजे दाजीनं मारलं नाय?"

"नाही."

 चहा आला, तसाच राहिला.

"मारलं आसतं तर बरं झालं आसतं साहेब," शेवटी म्हणाला. "राग तरी धरता आला आसता."

त्याच आठवड्यात त्याने मुलीला स्वतः आणून बापाकडे सोडले. दोघे मेहुणे एकमेकांशी काय बोलले, मला माहीत नाही. मी विचारलेही नाही.

या प्रकरणाने मला शिकवले, की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो यावर पुढचे सगळे ठरते. काउंटरवर 'काय झालं?' याच्याआधी 'कोणती केस?' हे विचारले गेले. मीही 'काय झालं?' याच्याआधी 'का मारलंस?' हे विचारले. आणि 'पोलीस केस' हा तर आमचा शब्द. दिवसातून पन्नासदा आमच्या तोंडी असायचा. बाहेर त्याचा जो दर ठरला होता, तो आमच्या वागण्यावरून ठरला होता. पुढे ज्या ज्या ठाण्याचा कारभार माझ्याकडे आला, तिथे मी दोन गोष्टी पाळायला लावल्या. जखमीवर उपचार सुरू झाल्याशिवाय जबाबाचा कागद काढायचा नाही, आणि डॉक्टरला ठाण्यात बोलवायचे नाही, आपण जायचे. त्याने कोणाचे किती भले झाले, ते मला सांगता येणार नाही.

चालकाविरुद्धच्या खटल्यात नवरा साक्षीदार होता. जबाबावर सही करायला तो एका सकाळी बाजार आटोपून आला. अंगठा न देता त्याने सावकाश, अक्षर लावून सही केली. उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"साहेब, एक इचारू? दुसरीवाली घेतली आसती, तर वाचली आसती का ती?"

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी हाच प्रश्न विचारला होता. बारापर्यंत पोट उघडले असते तर बहुधा वाचली असती, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते.

मी म्हणालो, "नाही. मार फार आतपर्यंत गेला होता. कुठंही नेली असती तरी वाचली नसती."

 त्याने मान हलवली आणि तो गेला. मी खोटे बोललो, हे त्याला कळले की नाही, मला आजही ठरवता येत नाही.