रेडिओवाल्या काकांची चूक

रेडिओवाले काका नसते, तर मी केव्हाच नोकरी गमावून गावाकडे, सुरगाण्याच्या जीपमध्ये बसलो असतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या स्पीकरच्या दुकानात सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे.

नवा स्पीकर दिसला की काका त्याच्या लाकडावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आधी माणूस बोलू दे. गाणं मग." खिशातून कॅसेट निघायची. तिच्यात काकूंचा आवाज भरलेला होता. भाजीची यादी, दूधवाल्याची तक्रार, असंच काहीबाही. काकू शेजारी उभ्या आहेत असं वाटलं तर स्पीकर खरा, नाहीतर नुसतं फर्निचर. असं तासभर ऐकून काहीच न घेणारं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल.

काकांची सारी नोकरी रेडिओ केंद्रात गेली. तिथे निवेदकांचे आवाज ज्या स्पीकरच्या पेट्यांवर तपासायचे, त्यातल्या मोडीत निघालेल्या दोन त्यांनी घरी आणल्या होत्या. करड्या, बुटक्या. आमचे शेठ नवे उंच, चकचकीत स्पीकर विकायचे.

"काका, किती दिवस ते पिठाचे डबे सांभाळणार?"

"डबेच आहेत, शेठ. पण पीठ चाळून येतं."

नव्याला मात्र ते नावं ठेवत नसत. "झांजा तुमच्याच स्पीकरवर ऐकाव्यात. ढोलही. फक्त माणूस बोलला की पिंपात बसून बोलतोय असं वाटतं."

मी आठवीतून शाळा सोडून आलेला, दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा. धाकट्या बहिणीचं शिक्षण माझ्यावर. त्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या हातून जळला होता. शेठ म्हणाले होते, "अजून एक चूक झाली, की पिशवी भरायची."

तेवढ्यात देवळाली कॅम्पातले एक निवृत्त फौजी साहेब स्पीकर बघायला येणार होते. शेठना हुक्की आली. "काका, तुमचे डबे आणा. होऊन जाऊ दे समोरासमोर!" एका पेटीतल्या आतल्या दोन्ही तारा तुटल्या होत्या. त्या मी जोडून दिल्या. रविवारी सकाळी बाहेरच्या तारा काकांनी स्वतः लावल्या.

आधी नवे स्पीकर वाजले. दुकानाची काच थरथरली. मग काकांच्या पेट्या. काकूंचा आवाज पोकळ, पसरलेला, कुठून येतोय तेच कळेना. साहेबांनी भुवया उचलल्या. शेठ हसले, "काका, पीठ सांडलं की!"

माझ्या लगेच लक्षात आलं. आतली तांबडी आणि काळी तार मी उलटी जोडली होती. एका पेटीतला पडदा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरीतला मागे ओढत होता.

काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग पेटीमागे वाकले. "माझीच चूक. बाहेरच्या तारा उलट लावल्या मी. वय झालं." त्यांनी त्या पेटीच्या बाहेरच्या तारा उलटवल्या, म्हणजे आतली उलट जोडणी भरून निघाली, आणि कॅसेट परत लावली.

"अहो, कोथिंबीर विसरू नका."

काकू दोन पेट्यांच्या बरोब्बर मध्ये येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी चक्क मान पुढे काढून बघितलं.

तरी साहेबांनी नवेच घेतले. घरात नातवंडं सिनेमे बघतात म्हणाले.

पेट्या रिक्षात ठेवताना मी म्हणालो, "काका, त्या आतल्या तारा... मीच..."

"कळलं मला. एवढा घाम पंख्याखाली कुणाला फुटतो?"

"मग तुम्ही शेठना खोटं का सांगितलं?"

"शेठना मला घरी नाही पाठवता येत, बाळा." आणि रिक्षात बसता बसता, "यापुढे पेटी बंद करण्याआधी तिला बोलकी करून बघत जा."

तेव्हापासून शेठना एक किस्साच मिळाला. "रेडिओत जन्म गेला, अन् तारा उलट्या!" प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. काका समोर असले तर तेही हसायचे. पण त्यांचे कान लाल व्हायचे. मी टेबलावर मान खाली घालून तारांना कथलाचा डाग देत राहायचो. हळूहळू काकांचं येणं कमी झालं. नव्या स्पीकरबद्दल शेठ त्यांचं मत विचारीनासे झाले होते.

काका गेले त्याला चार वर्षं झाली. माझी नोकरी टिकली, बहीण आता कळवणला शिकवते. मागच्या आठवड्यात शेठनी तो किस्सा पुन्हा सांगितला.

"शेठ," मी म्हणालो.

"काय रे?"

"काही नाय."

तुम्हाला सांगितलं, पण तेवढ्याने काकांचं देणं फिटत नाही. एक दिवस दुकान भरलेलं असताना, शेठ तो किस्सा सांगायला लागले की मी टेबलावरून उठणार आहे. त्या तारा मी उलट्या लावल्या होत्या, काका चुकले नव्हते, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार आहे.