लाडकीबाईची बियाण्याची काकडी

लाडकीबाई काकड्या हनुवटीने मोजायची. सकाळी चूळ भरली की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ती अंगणातल्या मांडवाखाली उभी राहायची आणि एकेका काकडीकडे हनुवटी उडवत मनातल्या मनात आकडा धरायची. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, असं त्या पाड्यावर सगळेच मानत. पण हात पाठीमागे धरून मोजणारी ती एकटीच. "हाताचा काय भरवसा," म्हणायची, "बोलता बोलता उठतो." मोजणी झाली की सावकाश वळून माझ्या खिडकीकडे बघायची. आकडा बरोबर आला तरी बघायचीच.

२०१४ साली मला तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची शाळा मिळाली. मी मूळची सिंधुदुर्गातली, इथलं कोणी ओळखीचं नव्हतं. तलासरीत राहून रोज ये-जा करायची तर हायवेपासून आत येणारी जीप कधी भरायची आणि कधी सुटायची याचा नेम नसे. लाडकीबाईचा मुलगा वापीला कंपनीत लागला होता आणि त्याच्यासाठी बांधलेली खोली रिकामी होती. ती बघायला गेले तेव्हा तिने खोली दाखवायच्या आधी माझीच तपासणी केली. एवढी शिकलेली बाई, घर सोडून इतक्या लांब, आणि लग्न नाही! पळून आलीस का, असं तिने सरळ विचारलं. तिच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच. मास्तर, तलाठी, देव, सगळे 'तू'. मी विषय बदलायचा म्हणून मांडवाकडे बोट करून विचारलं, या काकड्या कधी लावल्या? तिने पुढे येऊन माझं बोट धरलं आणि दुमडून मुठीत घातलं. खोली मिळाली, पण मी राहायला आले त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन काकड्या कुजून गळल्या. फळमाशीने, असं मी पुस्तकातलं ज्ञान सांगून पाहिलं. त्या दोन्ही काकड्या तिने माझ्या उंबऱ्याबाहेर आणून ठेवल्या, म्हणजे फळमाशीशी माझं मी बघून घ्यावं.

तिचा संशय असा एकाच माणसावर नव्हता, हे मला हळूहळू कळलं. तो ती सगळ्यांना सारखा वाटून द्यायची. बाजारात मिठाची पिशवी घेतली तर कोपरा फाडून चाखायची. बांबूच्या टोपल्या ती सुरेख विणायची, पण बांबू आणणाऱ्याने तो कोणत्या तिथीला तोडला हे ती त्याच्या तोंडून तीनदा वदवून घ्यायची आणि तरी एक तुकडा दाताखाली धरून बघायची. अमावस्येला तोडलेला बांबू किडत नाही म्हणे, आणि माणसं तिथीबद्दल खोटं बोलतात. अंगण सारवताना शेवटचा हात ती उंबऱ्यापासून फाटकापर्यंत मागे मागे सरकत फिरवायची. ओल्या शेणावर कोणाचं पाऊल उमटलं तर संध्याकाळी ते पाऊल कोणाचं, हे तिला अंगठ्यावरून ओळखता यायचं. मला सारवायला शिकवलं तिनेच, पण मी सारवलेलं ती माझ्या मागून पुन्हा सारवायची.

आणि खरं सांगायचं तर हा रोग लागणारा होता. मी शाळेत असताना ती माझ्या खोलीत येऊन भांड्यांची झाकणं उचलून बघते, असं मला वाटू लागलं. मी डाळीच्या डब्यावर मुद्दाम चमचा आडवा ठेवून जायला लागले. संध्याकाळी चमचा जागच्या जागी असे, पण किंचित सरळ केलेला. तिला विचारलं तर म्हणाली, "डबा उघडा राहिला तर मुंग्या येतील म्हणून बघितलं. तू काय खातेस ते मला ठावं पाहिजे. उद्या आजारी पडलीस तर लोक माझं नाव घेतील." संशय आणि माया यांची तिच्याकडे अशी भेसळ होती. यातलं काय किती, हे मला शेवटपर्यंत नीट वेगळं करता आलं नाही.

पावसाळा सरला, भातं पिवळी पडली की तिच्या अंगणाला खरा रंग चढायचा. खळं सारवायचं, कणगीला आतून शेणमाती लावायची, गवताच्या झाडण्या बांधायच्या, आणि मांडवावरच्या काकड्यांची राखण. नवी काकडी दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला देवाला दाखवल्याशिवाय तिच्या घरात कोणी तोंडात घालत नसे. त्यानंतर काकडी किसून, तांदळाच्या पिठात कालवून, पानात गुंडाळून उकडायची. पहिल्या वर्षी मला त्यातलं काही मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी एक पान मिळालं. तिसऱ्या वर्षापासून देवाला दाखवून झाल्यावर मांडवावरची काकडी मी आपल्या हाताने काढावी, अशी मुभा मिळाली. फक्त एक सोडून. लाल चिंधी बांधलेली काकडी बियाण्याची. ती वेलीवरच जून होऊन पिवळीधमक व्हायची, मग तिचं बी निघायचं. ही काकडी लाडकीबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने पदराला बांधून दिलेल्या बियांची होती. माहेरचं घर, माणसं आता कोणी उरलं नव्हतं. बी तेवढं दर वर्षी तिने पुढे नेलं होतं. मी एकदा तिला बियाण्याचं सरकारी पाकीट आणून दिलं, तर ते तिने बाजूच्या वेगळ्या आळ्यात लावलं. "याची काकडी होल, पण हिच्या पोरीची पोर होणार नाय," म्हणाली. संकरित बियाण्याचं बी पुढे तसंच निपजत नाही, हे मात्र पुस्तकातही आहे.

२०१६ साली चिंधी बांधलेली काकडी एके सकाळी नाहीशी झाली. मला वाटतं कोल्ह्याने खाल्ली असेल. लाडकीबाईला मात्र खात्री होती की ती रमीने नेली. रमी म्हणजे तिची धाकटी जाऊ, कुडाच्या पलीकडे राहणारी, कमी बोलणारी बाई. त्या वर्षी दुसऱ्या एका जून काकडीवर भागलं. पण पुढच्या वर्षी परतीच्या पावसाने घात केला. आईच्या बियाण्याचे वेल सडले, एकच उरला, आणि त्यावर धरण्यासारखी एकच काकडी.

त्या दिवाळीत वापीहून निरोप आला की सून बाळंत झाली. लाडकीबाईला जाणं भागच होतं. शाळेच्या दुरुस्तीचं सामान उतरवून घ्यायचं म्हणून मी सुट्टीतही पाड्यावरच होते. जाताना ती माझ्या दारात आली आणि रमीवर लक्ष ठेव, असं हळूच सांगून गेली. नंतर मला कळलं की त्याच्या आधी ती कुडापलीकडे जाऊन रमीला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगून आली होती.

एकटीने दिवाळी काढताना मला घरच्या धोंडसाची आठवण आली. आमच्याकडे जून काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, वरखाली निखारे ठेवून ते भाजतात. त्याला कोवळी काकडी चालत नाही, चांगली पिवळी लागते. मी मांडवाखाली गेले. एका पिवळ्या काकडीला लाल चिंधी होती, तिला मी हातही लावला नाही. आणखी एक जून काकडी पाल्याआड पार मागे सापडली. सरकारी पाकिटाच्या वेलाची, विसरलेली दिसते, असं मला वाटलं. आता ही कुजून जाण्यापेक्षा लाडकीबाई आली की तिलाच गोड खायला घालू, म्हणून मी ती काढली. आतला गर आणि बिया उकिरड्यावर टाकल्या. धोंडस छान झालं. मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाडकीबाई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मांडवाखाली गेली. मी ताटलीत धोंडसाचे तुकडे काढत होते, तेवढ्यात तिचा आवाज कानावर आला. ती कुडापाशी उभी राहून, काकडी तूच नेलीस, असं रमीला बोलत होती. चोरांना कळू नये म्हणून लाडकीबाईने त्या वर्षी डाव केला होता. चिंधी बांधली होती ती सरकारी पाकिटातल्या काकडीला. आईची काकडी पाल्याखाली झाकून ठेवली होती, आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही, रमीलाही नाही.

ताटली माझ्या हातातच राहिली. दाराच्या फटीतून मला दोघी दिसत होत्या. लाडकीबाई मागच्या वर्षीची चोरी, त्याच्या आधीची भांडणं, सगळं काढत होती. रमीने फक्त एकदा मान वळवून माझ्या दाराकडे पाहिलं, आणि मला कळलं की आदल्या दिवशी मी काकडी काढताना तिने पाहिलं होतं. लक्ष ठेवायला सांगितलंच होतं तिला. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती. ती बोलली नाही. आणि मीही नाही. मुलांना खरं बोला म्हणून रोज फळ्यावर लिहून देणारी मी, दाराआड उभी राहिले. तीन वर्षांनी मिळालेली मुभा, ते उकडलेलं पान, ही खोली, सगळं जाईल अशी भीती वाटली. ती भीती खरी होती, पण लाज तिच्याहून मोठी आहे हे मला रमी आत निघून गेल्यावर समजलं. आजही त्या उशिराची मला लाज वाटते.

मी ताटली घेऊन बाहेर गेले आणि सांगितलं. लाडकीबाई ओरडली नाही. तिने माझ्याकडे आणि ताटलीकडे आळीपाळीने पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "बी कुठं टाकलंस?"

उकिरडा काल ओला होता, आज कोंबड्यांनी उकरला होता. लाडकीबाई सूप घेऊन त्यात उतरली, मागोमाग मी. थोड्या वेळाने पलीकडून रमी आली आणि आमच्या शेजारी बसून चाळू लागली. राख, शेण, भाताचा कोंडा, माशांचे काटे, सगळं बोटांनी चाळत आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो होतो. मिळालेल्या बिया लाडकीबाईने पाण्यात टाकल्या. वर तरंगल्या त्या फेकून दिल्या, बुडाल्या त्या वेचून घेतल्या. चिमूटभर भरल्या असतील. हातपाय धुतल्यावर तिने धोंडसाचा तुकडा उचलला, हुंगला, खाल्ला. "गोड हाय," म्हणाली, आणि रमीच्या हातावर एक तुकडा ठेवला. रमीची माफी तिने त्याहून जास्त शब्दांत कधी मागितली नसावी.

कीड लागू नये म्हणून आजवर ते बी ती एकाच शेणाच्या गोवरीत थापून आपल्या भिंतीला लावायची. त्या दिवशी तिने तीन लहान गोवऱ्या थापल्या. एक आपल्या भिंतीला, एक रमीला, आणि एक माझ्यासमोर धरली. मी घेईना. माझ्यामुळेच एवढं झालं, मला कशाला, असं म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यासारू नाय देत. माझ्या घरावर माझा भरवसा नाय आता."

२०१८ साली माझी बदली समुद्राकाठच्या चिखले गावातल्या शाळेत झाली. निघताना लाडकीबाईने माझी ट्रंक उघडायला लावली आणि गोवरी कपड्यांच्या मधोमध आहे हे बघून घेतलं. चिखल्याला माझ्या भाड्याच्या खोलीत, सिमेंटच्या भिंतीवर ती शेणाची गोवरी बघून येणारे-जाणारे नाक मुरडत. पावसात मी त्यातल्या थोड्या बिया घराच्या मागे लावल्या. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यात वेल कसाबसा जगला, पण दोन काकड्या जून झाल्या. त्यांचं बी काढून मी नवी गोवरी थापली. हे कळवायला तिच्याकडे फोन नव्हता, आणि दिवाळीत जाऊ म्हणता म्हणता मी गेले नाही.

२०१९ च्या दिवाळीनंतर एका रविवारी माझ्या दारात रमी उभी होती. तलासरीहून दोन गाड्या बदलून, विचारत विचारत आली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, लाडकी गेली. भादव्यात ताप आला, आठ दिवसांत आटोपलं. मांडवावरचे वेल राखणीविना गेले. दिवस झाल्यावर सुनेने घर झाडलं, भिंतीवरची गोवरी तिला कचरा वाटली, तिने ती चुलीत घातली. रमीची स्वतःची गोवरी कुडातून पावसाचं पाणी येऊन आधीच बुरसली होती. हे सगळं ती नेहमीसारखं मोजक्या शब्दांत सांगत होती.

मी भिंतीवरची गोवरी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. मग मला राहवलं नाही. विचारलं, माझ्याकडे बी अजून असेल याची तुला खात्री कशी? मी लांबची, नोकरदार बाई. घरातल्या सुनेने जाळलं, तर माझा काय भरवसा?

रमीने गोवरी मांडीवर घेतली. कडेने फोडून एक बी काढलं, दाताखाली धरून पाहिलं, आणि म्हणाली, "माझी गोवरी बुरसली तवा मीच बोलले होते लाडकीला, आता तुझीच उरली, मास्तरीण कधीच टाकून बसली असल. तर तापातून उठून बसली. बोलली, माझीबी गेली तर तिच्याकडं जा. जिनं एकदा माझं बी उकिरड्यातून वेचलं, ती आता मरेस्तोवर नीट ठेवील."

आयुष्यभर कोणाचीही खात्री न देणाऱ्या त्या बाईने माझी दिली होती, आणि ती माझ्या चुकीवर दिली होती. मी रमीसमोर बसून रडले. तिने मला रडू दिलं. मग गोवरी मधोमध मोडली, अर्धी पदरात बांधली आणि अर्धी मागून पाण्याने ओली करून पुन्हा माझ्या भिंतीला लावून, ती नीट चिकटली की नाही हे दोनदा दाबून बघितलं.