नॉर्वेतलं दुकान

खामगावच्या वाचनालयात रोज दुपारी माझ्यासमोर चाळिशीतला एक माणूस लॅपटॉप उघडून बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काम करताना तो कसले तरी परदेशी शब्द पुटपुटायचा आणि वहीत देवनागरीत लिहून ठेवायचा. एकदा मी विचारलंच.

"नॉर्वेत एक स्वेटरचं दुकान हाये," तो म्हणाला. "तिथल्या लोकायनं इंटरनेटवर स्वेटर शोधला, का त्या दुकानाची वेबसाइट सगळ्यात वर दिसली पायजे. लोक कोणता शब्द टाकून शोधतात, ते मी हुडकतो."

एके दुपारी तो एकदम उभा राहिला. "पह्यल्या नंबरवर आलं!"

वाचनालयात आम्ही दोघंच होतो. "छान," म्हणून मी पेपरात डोकं घातलं. तो थोडा वेळ तसाच उभा होता. मग खाली बसत म्हणाला, "माय होती तं तिले सांगत होतो. तिले काही समजे नाही, पण रोज विचारे, 'आज कितवं आलं रे तुहं दुकान?' आता कोणी विचारत नाही."

मी पेपराचं पान उलटलं. बायको गेल्यापासून कुणाची विचारपूस करायची माझी सवयच मोडली होती. घरी गेल्यावर मात्र ते 'छान' मला फार टोचलं.

दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या मी विचारलं, "आज कितवं हाये दुकान?"

त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली.

"तिसरं. घसरलं, काका," म्हणाला, आणि शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून त्यानं खाली ठेवली.