यार्ड विकायला काढलं तेव्हा

गेल्या आठवड्यात मुलगा तुआसच्या गोदीतून घरी आला आणि बूट काढायच्या आधीच म्हणाला, "आई, तुमचं ते अमेरिकेतलं गाव आठवतंय ना? तिथून बोलावणं आलंय मला."

मी म्हणाले, "आधी हात धू." उत्तर सुचलं नाही की मी माणसांना हात धुवायला पाठवते.

तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात त्याला इंजिनियरची नोकरी देताहेत. जहाजांची कामं परत आली आहेत, पण बांधायला माणसं उरलेली नाहीत, असं तो सांगत होता. शुक्रवारपर्यंत कळवायचं. सुनेचं ऑफिस इथे सिंगापूरात, तांजोंग पगारला, तिला वर्षभर तरी इथून हलता येणार नाही. नातीला मात्र तो बरोबर नेणार, म्हणून तोवर तिथे तिच्याजवळ घरातलं कुणी मोठं हवं. ते मोठं माणूस मी. "तू येणार असशील तरच हो म्हणतो," एवढं बोलून तो जेवायला बसला. सगळं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः दुसरी पोळी मागून घेतली.

त्या गावात आम्ही राहिलो तेव्हा मी पंचविशीत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हाच्या त्या बाईची आता कीव येते. पुण्यात वाढलेली, त्यामुळे यार्ड म्हणजे भाजी-कांद्यांचं मार्केट यार्ड. लग्नानंतर मुंबईला आलो आणि पहिल्याच आठवड्यात हे म्हणाले, "यार्डात जाऊन येतो." या बाईने ह्यांच्या हातात दोन पिशव्या दिल्या आणि कांदे दाबून बघून घ्या असं बजावलं. ह्यांनी पिशव्यांची घडी करून खिशात घातली, मुकाट्याने आपल्या कामाला जहाजांच्या गोदीत गेले, आणि संध्याकाळी कांदे घेऊन आले. चूक दाखवायची नाही असं नवऱ्याने ठरवलं की बायको वर्षानुवर्षं मूर्ख राहू शकते.

पुढे एका जहाजमालकाचा टँकर त्या अमेरिकन गावात बांधायला घेतला होता, त्यावर देखरेख करायला ह्यांना पाठवलं. नदीच्या मुखाशी गाव. कुठूनही मान वर केली की क्रेन दिसायची. सकाळचा भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरायचे आणि पुन्हा ओस पडायचे. आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने स्वतः तिथे वेल्डिंग केलं होतं, आता मुलगा आणि जावई तिथेच कामाला होते. ती सांगायची, आधी यार्ड आलं, मग कामगारांसाठी घरं, मग त्यांच्या पोरांसाठी शाळा, आणि सगळ्यात शेवटी चर्च, कारण तोवर पापं करायला कुणाला सवड नव्हती.

एका सकाळी मी दूध घेऊन येत होते. कोपऱ्यावरच्या खांबाला पुठ्ठा ठोकलेला, त्यावर हाताने लिहिलेलं: यार्ड सेल, शनिवारी. आता या बाईला गोदी कळायला लागली होती, नको तेवढी. एवढा मोठा कारखाना विकायला काढला आणि जाहिरातीला साधा रंगसुद्धा परवडला नाही, म्हणून मी हळहळले. घरी जाईपर्यंत दम निघेना. शेजारीण पायरीवर बसली होती, तिला सांगून टाकलं, "यार्ड विकताहेत. शनिवारी."

तिचा चेहरा उतरला. "कोण म्हणालं?"

"खांबावर लिहिलंय."

ती माझा हात धरून कोपऱ्यापर्यंत आली. पुठ्ठा वाचला आणि इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. मग समजावलं, "अगं पोरी, आम्ही अंगणालाही यार्डच म्हणतो. घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायचं, ते हे." मी म्हणाले, "अंगणाला अंगण म्हणायला काय होतं तुम्हाला?"

परत येताना तिने पलीकडचा खांब दाखवला. तिथेही पुठ्ठा. त्याच्या पुढेही. "चुकलीस," ती म्हणाली, "पण फार नाही." सरकार जहाज बांधायला जी मदत द्यायचं ती आटली होती. समुद्रापलीकडे तीच जहाजं स्वस्तात होत होती. आमचा टँकर पाण्यात गेला की पुढचं जहाज कुठलं, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लोक घरं आवरून निघाले होते. शनिवारी आम्ही दोघी त्या अंगणांतून फिरलो. पाळणे, शिवणयंत्रं, जेवणाची टेबलं. त्यांच्याभोवती न बसता माणसं उभ्यानेच बोलत होती. मी मोठ्या अकलेने इस्त्रीचं टेबल घेतलं. वर्षाच्या आत आमचं काम संपलं आणि तेच टेबल मी आमच्या अंगणात मांडलं.

मग सिंगापूर. हे म्हणाले, इथे दुरुस्तीची कामं आहेत, जहाजं बिघडायची थांबत नाहीत. ते खरं ठरलं. पण इथलीही यार्डं हलली. यिशुनजवळ काम म्हणून यिशुनला फ्लॅट घेतला, आणि आता मुलगा रोज कंपनीच्या बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाला, तुआसला जातो. हे गेले. मी राहिले, गुडघ्यांसकट.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "मी येणार नाही."

"बाबांच्या मागे कुठेकुठे गेलीस. माझ्यासाठी एक वर्ष नाही?"

"त्यांच्या मागे गेले म्हणूनच नाही. सामान बांधायची माझी ताकद संपली रे. तू वाईट वाटून घे, मला चालेल."

नात सोफ्यावरून मान न उचलता इथल्या पोरांच्या लाह-लाह इंग्रजीत म्हणाली, "आजी, यू सो ड्रामा लाह."

"तू गप्प बस. तुला तरी जायचंय का?"

"नो लाह. माय फ्रेंड्स ऑल हिअर."

त्याने सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं, हे आईंच्या गळ्यात घालू नकोस. तुला जायचंय तर तू जा, आम्ही इथे बघू."

मीच विचारलं, "हातात आहेत ती जहाजं झाली की पुढे काय, विचारलंस का त्यांना?"

"विचारलं. बघू म्हणाले."

"आम्हालाही तेच म्हणाले होते."

"माहितेय. पण आई, नवीन जहाज पहिल्यापासून बांधायला मिळणार आहे मला. इथे नुसती ठिगळं लावतोय."

हे मात्र त्याने आधी सांगितलं नव्हतं. माझ्या येण्या-न येण्याआड लपवून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मग हो कळव. एकट्यापुरतं."

शुक्रवारी त्याने कळवलं. रविवारी तो कपाट उघडून उभा होता. कुठले कपडे न्यावेत म्हणाला, मी थंडीचे सांगितले. मग पाठमोराच म्हणाला, "आणि मी नसताना तू काय करणार?"

"तुझी खोली घेणार. तिकडे दुपारचं ऊन येत नाही. तुझी बायको पोरीजवळ झोपेल म्हणाली."

तो हसला नाही. थोड्या वेळाने मात्र माझ्या खोलीत मापाची टेप घेऊन आला, मला उठवलं आणि माझा पलंग मोजायला लागला.